दोघं सारखी भांडतात, काय करू?

“मॅडम, दोघं सारखी भांडायलेत वो, आता तुम्हीच सांगा काय ते.” माझ्याकडं समुपदेशनाला शहापूर, टिळकवाडी, खानापूरहून बसनं येणाऱ्या आया, सगळ्यांचं पहिलं वाक्य हेच असतं. म्हणून एका घरातलं सांगते, ओळख पटू नये एवढे तपशील बदललेत.

ताई एसएसएलसीला म्हणजे दहावीला, भाऊ आठवीत. सुट्टीत मामाकडं कॅटान नावाचा बोर्ड गेम खेळून आली आणि घरी येऊन स्वतःचाच गेम करायला घेतला. पुठ्ठ्यावर आपल्या बेळगाव जिल्ह्याचा नकाशा, गोकाकची करदंट मिठाई, निपाणीचा तंबाखू, खानापूरची कौलं, बेळगावचा कुंदा. दोन फासे टाकायचे, बेरजेचा आकडा ज्या गावाचा, तिथला माल त्या गाववाल्याला, मग तो विकून पैसे. गल्लीतल्या सगळ्या पोरांना खेळता यावं म्हणून कार्डांवर मराठी आणि कन्नड दोन्ही. इतकं छान काम, पण खेळायला बसली की अर्ध्यातच भांडण.

आई म्हणाली, “वर्ष एसएसएलसीचं आणि हे खूळ! पुठ्ठा बंबात घालते म्हटलं शेवटी.”

“भांडण झालं की तुम्ही काय करता?”

“काय करणार, कोणी सुरू केलं विचारते. ह्यानंच केलेलं असतंय. सारखे नियम बदलतोय, हरायला लागला की.”

मी मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड अॅडलरच्या विचारांची. मूल असं का वागतंय यापेक्षा ते घरात कुठली जागा शोधतंय हे मी आधी बघते. म्हणून भावाला एकट्याला विचारलं, नियम का बदलतोस? बराच वेळ गप्प बसला, मग म्हणाला, “खोक्यावर ताईचं एकटीचं नाव आहे. आलं गेलं माणूस म्हणतंय, बघू ताईचा गेम.”

पुढच्या वेळी गेम घेऊनच या म्हटलं. आईलाही खेळायला बसवलं, अट एकच, निवाडा करायचा नाही. आईकडं गोकाक आलं आणि तिच्यापुढं करदंटाची कार्डं साठत चालली, भावाच्या निपाणीला काहीच मिळेना.

“आईचं नशीब भारी आज,” ताई म्हणाली.

“नशीब नाही ते. गोकाकला ७ आहे, निपाणीला १२. दोन फासे ३६ प्रकारे पडतात, त्यात ७ सहा वेळा येतंय आणि १२ एकदाच. तेच बदल म्हणत होतो, तर म्हणते हरतोस म्हणून बदलतोस.”

गणितात काठावर पास होणारा मुलगा हा! ताईनं पेन्सिल घेतली, कागदावर सगळ्या जोड्या मांडल्या, एकेक मोजली. मग म्हणाली, “बरोबर आहे याचं.” आई मुलाकडं बघतच राहिली.

मला त्या क्षणी जे दिसलं ते आजही प्रत्येक आईबापाला सांगते. घरात ताई हुशार आणि भाऊ वांड असं एकदा ठरून गेलं की त्याचं बरोबर बोलणंही वांडपणाच वाटायला लागतं, तो गेम दुरुस्त करत होता आणि सगळ्यांना चिडीचा डाव दिसत होता. इतके दिवस जे कुणालाच ऐकू आलं नव्हतं ते आई न्यायाधीशाच्या खुर्चीतनं उठल्यावर ऐकू आलं, आणि ती खुर्ची मी काढून घेतली याचं मला फार समाधान आहे.

मग वही घातली. डाव चालू असताना नियम बदलायचा नाही, संपल्यावर कारणासकट लिहायचं. शेजारच्या पोराला काही न समजावता नुसती वही द्यायची, तो जिथं अडेल तो नियम परत लिहायचा. मोठे गेम करणारेही असंच करतात. १९९५ साली आलेल्या कॅटानचा कर्ता क्लाउस टॉयबर दातांच्या कवळ्या बनवणारा तंत्रज्ञ होता आणि घरच्यांना बसवूनच गेम तपासायचा, हे सांगितल्यावर बंबाचा विषय निघाला नाही. खोक्यावर दोन नावं आली, नकाशा आणि चित्रं ताई, आकडे आणि नियम भाऊ. परीक्षेपर्यंत फक्त रविवारी बसायचं, हे ताईनंच ठरवलं. भांडणं आजही होतात, पण आता वही काढून होतात.

तुमच्या घरी बोर्ड गेम नसेल, टीव्हीचा रिमोट असेल नाहीतर सायकल. “कोणी सुरू केलं” हे विचारणं तेवढं सोडा, कारण त्या प्रश्नानं एक जिंकतो, एक हरतो आणि पुढचं भांडण तिथंच ठरतं. “दोघं मिळून ठरवा, मग मला सांगा” म्हणा आणि खरंच तिथनं उठा. कौतुक करताना दोघांचं एकत्र नको, कुणी नेमकं काय केलं ते नाव घेऊन बोला. “ताईकडं बघ जरा” हे वाक्य तर कायमचं बंद करा.

मारामारी होत असेल, किंवा एकच मूल कायम घाबरून, दबून असेल, तर मात्र मोठ्यांनी मधे पडायचंच, तिथं दोघांवर सोडून चालत नाही, आणि अशा वेळी वाट न बघता समुपदेशकाकडं या.