वाचकांचे प्रश्न : जोडावरची रेघ

प्रश्न : इथल्या एका साडीच्या दुकानाची वेबसाइट करते आहे. पार्श्वभूमीला महेश्वरी साडीच्या काठावरची चटाईची नक्षी फोटोतून कापून लावली. पण तुकडे जुळतात तिथे रेघा दिसतात आणि दुरून पाहिलं की ठरावीक अंतरावर काळपट डाग. माझ्याकडे गिंप हे फोटो-संपादनाचं सॉफ्टवेअर आहे. काय चुकतंय?
— एक वाचक, इंदूर

उत्तर : दोन्हींची कारणं वेगळी आहेत. डाग पडतात ते उजेडामुळे. मोबाइलच्या फोटोत कोपरे मध्यापेक्षा किंचित गडद येतात. एकट्या फोटोत ते जाणवत नाही, पण तोच तुकडा शेजारी शेजारी मांडला की चार कोपरे एका जागी येतात आणि डाग उमटतो. साडी गच्चीवर सावलीत सपाट अंथरा, मोबाइल जरा उंच धरा आणि फोटोचा फक्त मधला भाग घ्या. गिंपमधल्या हाय पास फिल्टरने उजेड सारखा होतो, पण रंगही उडतो. महेश्वरीचा रंग घालवून काय मिळवायचं? त्यापेक्षा फोटो पुन्हा काढलेला बरा.

आता रेघा. आधी फोटो फिरवून काठ अगदी आडवा करा. अर्धा अंश जरी कलला, तरी डावी-उजवी कड जुळणार नाही. मग कापताना पहिल्या घराच्या (घर म्हणजे नक्षी जिथून पुन्हा सुरू होते तोवरचा एक तुकडा) डाव्या कडेपासून सुरुवात करून पाचव्या घराच्या डाव्या कडेच्या एक पिक्सेल अलीकडे थांबा. बहुतेकांचं इथेच चुकतं : पाचव्याची कडही आत घेतली की जोडावर तोच धागा दोनदा येतो आणि रेघ जाड दिसते. वरून खालीही हाच हिशेब. एकच घर घेऊ नका. हातमागाचं कापड छाप्यासारखं दिसू लागतं.

मग लेयर मेनूत ट्रान्सफॉर्म, त्यात ऑफसेट. रुंदी-उंचीच्या निम्म्याने सरकवा आणि कडेबाहेर गेलेला भाग दुसऱ्या बाजूने आत येईल तो पर्याय निवडा. कडांचे जोड आता मधोमध अधिकच्या चिन्हासारखे दिसतील. ते क्लोन टूलने, म्हणजे एका जागेचा भाग जसाच्या तसा दुसरीकडे उतरवणाऱ्या साधनाने बुजवा, नमुना बरोबर एक घर सोडून घ्या. उतरवलेला भाग आजूबाजूच्या रंगात मिसळणारं हील टूल इथे धागे फरफटवतं. ते दगड, कागद, माती अशा पोतांना ठीक. बाहेरच्या कडांना हात लावू नका. पुन्हा ऑफसेट करून तपासा. एखादी ठसठशीत गाठ असेल तर तीही काढा, नाहीतर ती पानभर मोजता येते.

सगळं जुळूनही सेव्ह केल्यावर रेघ परत आली, तर दोष जेपेग या फाइल-प्रकाराचा. ते चित्र ८ गुणिले ८ पिक्सेलच्या चौकटींत दाबतं आणि डावीकडच्या कडेशी उजवी कड जुळवायची आहे हे त्याला ठाऊक नसतं. पीएनजी घ्या, किंवा लॉसलेस (चित्रातलं काहीही न गमावणारं) वेबपी.

प्रश्न : संगणकावर ठीक दिसतं, मोबाइलवर मात्र केसासारख्या बारीक फटी येतात.
— एक वाचक, इंदूर

उत्तर : सीएसएसमध्ये, म्हणजे पानाची मांडणी ठरवणाऱ्या कोडमध्ये, पार्श्वभूमीचं माप टक्क्यांत दिलं असेल. तुकडा १३३.३ पिक्सेलचा झाला की ब्राउझरला कड पिक्सेलच्या मध्येच कुठेतरी काढावी लागते. चित्र ४०० पिक्सेलचं असेल तर माप २०० पिक्सेल असं पूर्णांकात द्या. मागे कापडाच्याच रंगाचा बॅकग्राउंड कलरही ठेवा. एखादी फट राहिलीच, तर त्यातून पांढरं डोकावणार नाही.