व्हिएन्नाच्या सात दिवसांचा विमा आहे, घरच्यांचा?

मिरजेच्या एका रेडिओलॉजिस्ट वाचकाचं पत्र आलं आहे. वय ३८, रुग्णालयाकडून व्यावसायिक फी म्हणून महिन्याला हातात दोन लाख, पत्नी घर सांभाळते, दोन मुलं, गृहकर्जाचे ४२ लाख बाकी. मार्चच्या सुरुवातीला व्हिएन्नात होणाऱ्या युरोपियन काँग्रेस ऑफ रेडिओलॉजीसाठी त्यांचं पोस्टर निवडलं गेलंय, नोंदणी शुल्क भरून झालंय. एजंटाने विमान आणि हॉटेल धरून तीन लाखांचं पॅकेज सांगितलंय. प्रश्न एवढाच: फॉरेक्स कार्ड घ्यावं की क्रेडिट कार्ड वापरावं?

पत्राच्या शेवटी ते लिहितात: "फेब्रुवारीत गॅरंटीड इन्कम प्लॅनचा अडीच लाखांचा तिसरा हप्ता आहे. त्याचे पैसे बाजूला ठेवलेत, तो चुकवायचा नाही. म्हणून प्रवासासाठी १४ टक्क्यांनी तीन लाखांचं पर्सनल लोन घेतोय. प्लॅनमध्ये २५ लाखांचं कव्हर आहे, म्हणून टर्म (निव्वळ जीवन विमा) घेतली नाही. आरोग्य विमाही नाही, आमच्या रुग्णालयात सवलत मिळते. गेल्या वर्षी बीपीची गोळी सुरू झाली. तिकडे ओळखी होऊन फेलोशिप मिळाली तर खर्च वसूल होईल."

डॉक्टर, पोस्टरबद्दल मनापासून अभिनंदन. कार्डाचं आधी उरकतो. परदेशी चलनातल्या खर्चावर बहुतेक क्रेडिट कार्डं दोन ते साडेतीन टक्के लावतात, वर त्यावर जीएसटी. फॉरेक्स कार्डात युरो भरले की दर तिथेच ठरतो. दीड लाखाच्या खर्चावर फरक फार तर पाच-सहा हजारांचा. फॉरेक्स कार्ड घ्या, हॉटेलच्या डिपॉझिटसाठी एक क्रेडिट कार्ड आणि दोनशे युरो रोख ठेवा. मशीनने रुपयांत पैसे घेऊ का असं विचारलं तर युरोच निवडा, रुपयांतला दर महाग पडतो. झालं.

आता जे तुम्ही विचारलं नाहीत ते. ऑस्ट्रियाला जायला लागणाऱ्या शेंगेन व्हिसासाठी तुम्हाला किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा दाखवावाच लागेल. युरो ढोबळमानाने शंभर रुपयांना धरला तर हे तीस लाख झाले, तेही एका आठवड्यासाठी. उरलेले एक्कावन्न आठवडे तुमच्या घरात आरोग्य विम्याचा एक रुपया नाही. आणि उद्या तुम्ही नसलात तर येणारे पंचवीस लाख गृहकर्जालाही पुरत नाहीत. सतरा लाख डोक्यावर राहतील, मुलांच्या शिक्षणाचं तर बोलायलाच नको. पत्र वाचताना मला काळजी वाटली ती याची.

तो प्लॅन बघू. तुम्ही पाठवलेल्या तक्त्याप्रमाणे बारा वर्षं अडीच लाख भरायचे आणि पुढे बारा वर्षं पाच लाख मिळायचे. बँकेतल्या माणसाने "पैसे दुप्पट, तेही गॅरंटीड" असं सांगितलं, आणि ते खोटं नाही. त्याने सांगितलं नाही ते असं, की प्रत्येक हप्ता दुप्पट होऊन परत यायला तेरा वर्षं लागतात. दुप्पट व्हायला लागणाऱ्या वर्षांनी बहात्तरला भागलं की ढोबळ व्याजदर मिळतो. बहात्तरला तेराने भागा, साडेपाच टक्के येतात. पीपीएफ आज ७.१ टक्के देतो, तोही करमुक्त. मला चीड येते ती या व्याजाची नाही. बेचाळीस लाखांचं कर्ज असलेल्या एकट्या कमावत्या माणसाला, त्याचं विम्याचं काम झालं असं भासवून, वर्षाला अडीच लाखांत पंचवीस लाखांचं कव्हर विकलं गेलं, त्याची येते. तुमच्या वयाला दीड कोटीची टर्म, बीपीची वाढ धरूनही, साधारण तीस हजारांत बसावी.

आणि हा साडेपाच टक्क्यांचा हप्ता चालू राहावा म्हणून तुम्ही चौदा टक्क्यांनी कर्ज काढताय. तीन वर्षांत त्यावर सत्तर हजार व्याज जाईल. शिवाय व्हिसासाठी गेल्या काही महिन्यांचं बँक स्टेटमेंट द्यावं लागतं. अर्जाच्या तोंडावर खात्यात अचानक आलेले तीन लाख शंकेला जागा देतात.

कर्जाची गरजच नाही. व्हिएन्नाचा खर्च तीन लाखांचा नाही. अधिवेशन ऑस्ट्रिया सेंटरमध्ये असतं, संयुक्त राष्ट्रांच्या इमारतींना लागून. यू-१ मेट्रोचं काइझरम्युलेन स्टेशन जवळच आहे आणि मध्यवर्ती श्टेफान्सप्लाट्झहून तिथे दहा मिनिटांच्या आत पोचता येतं. म्हणून सभागृहाशेजारचं महाग हॉटेल नको. यू-१ वरच मुख्य रेल्वे स्टेशन आहे, त्याच्या पुढे केप्लरप्लाट्झ, रॉयमानप्लाट्झचा भाग आहे, तिथे बघा. सहा रात्रींचे ६५ हजार धरा. विमानाचे ६५. विमानतळावरून खास कॅट गाडी सोळा मिनिटांत नेते, पण साधी एस-७ लोकल पंचवीस मिनिटांत त्याच व्हीन मिट्टे स्टेशनला सोडते, बऱ्याच कमी पैशात. शहरात आठवड्याचा पास काढा. विमानतळ त्या पासच्या हद्दीबाहेर आहे, तेवढ्या टप्प्याचं तिकीट वेगळं घ्या. नळाचं पाणी आल्प्सच्या झऱ्यांतून येतं, बाटल्या विकत घेऊ नका. रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात, खाण्याचं सामान शनिवारीच आणा. जेवणाचे २८ हजार, फिरण्याचे दहा. व्हिसाची फी ९० युरो. ती, व्हिसा केंद्राचं शुल्क, मुंबईची फेरी आणि प्रवास विमा मिळून पंधरा हजार. बेरीज एक लाख ८३ हजार, सोयीसाठी १ लाख ८५ म्हणू. पोस्टर तिथे पडद्यावर दाखवतात, छापून न्यायचा खर्च नाही.

एजंटाच्या पॅकेजवर पहिल्या रुपयापासून टीसीएस, म्हणजे विकणाऱ्याने आगाऊ वसूल करायचा कर, लागतो. तिकीट आणि हॉटेल स्वतः बुक करून कार्डात युरो भरलेत, तर परदेशी पाठवलेल्या रकमेवर वर्षाला दहा लाखांपर्यंत तो लागत नाही. हॉटेल रद्द करता येणारंच घ्या, कारण व्हिसा नाकारला तर फी परत मिळत नाहीच, निदान हॉटेलचे पैसे तरी वाचावेत. निर्णयाला साधारण पंधरा दिवस लागतात, क्वचित पंचेचाळीस. अर्ज या आठवड्यातच टाका. आणि तुम्ही हिशेबाची वही ठेवत असाल तर हा खर्च व्यवसायाचा म्हणून दाखवता येतो. निम्मं उत्पन्न करपात्र धरण्याची अंदाजित योजना घेतली असेल, तर वेगळी वजावट मिळणार नाही. सीएला विचारून ठेवा.

फेलोशिप मिळाली तर मला आनंदच होईल. पण ती वसुली नाही. तो काळ बहुधा तुटपुंज्या स्टायपेंडवर काढावा लागेल आणि इथला गृहकर्जाचा हप्ता थांबणार नाही, म्हणजे पैसे आणखी लागतील. शिकायला म्हणून जा, तेवढ्यासाठीही हा प्रवास योग्य आहे.

फेब्रुवारीसाठी बाजूला ठेवलेल्या अडीच लाखांतच सगळं बसतं: प्रवासाचे १ लाख ८५, टर्मचे ३० हजार, आणि चौघांच्या आरोग्य विम्याचे ३५ हजार. रुग्णालयातली सवलत नोकरी बदलली की संपते, आणि पुण्याला हलवावं लागलं तर तिथे ती चालत नाही. टर्मच्या अर्जात बीपी लपवू नका. पॉलिसी विवाहित महिला संपत्ती कायद्याखाली घ्या, म्हणजे पैसे पत्नी-मुलांचेच राहतात आणि कर्ज देणाऱ्यांना त्या पैशांना हात लावता येत नाही. हे अर्ज करतानाच करावं लागतं, नंतर होत नाही.

जुन्या प्लॅनचे पाच लाख भरून झालेत. आत्ता सरेंडर केला तर त्यातला बराच भाग बुडण्याची शक्यता आहे, म्हणून घाईने मोडू नका. कंपनीकडून सरेंडर आणि पेड-अप, दोन्हींचे आकडे लेखी मागवा. पेड-अप केला तर पुढचे हप्ते थांबतात आणि भरलेल्या पैशांच्या प्रमाणात लाभ राहतो. माझा कल तिकडे आहे. पुढच्या वर्षीपासून सुटणारे अडीच लाख, दीड पीपीएफमध्ये आणि एक इंडेक्स फंडात.

क्रम मात्र चुकवू नका. वार्षिक हप्त्याला तीस दिवसांची सवलत मुदत असते आणि तोवर जुनं कव्हर चालू राहतं. टर्मची वैद्यकीय तपासणी याच महिन्यात करून घ्या, आणि नवी पॉलिसी हातात पडल्यावरच जुना प्लॅन थांबवण्याचं पत्र कंपनीला द्या.