पावसाचा थेंब डोकं का फोडत नाही?

प्रश्न : २ किलोमीटरवरून पडणाऱ्या थेंबाचा वेग मी सूत्राने काढला. सेकंदाला १९८ मीटर आला! चूक कुठे झाली? (अकरावीचा विद्यार्थी, सातारा)

उत्तर : गणित बरोबर आहे तुझं, फक्त त्यात हवाच नाही. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. तो वजनाइतका झाला की वेग वाढायचा थांबतो. २ मिलिमीटर व्यासाच्या थेंबाचा हा अंतिम वेग सेकंदाला साधारण साडेसहा मीटर.

आता वहीत तक्ता आख. त्वरण (वेग दर सेकंदाला किती बदलतो ते) = ९.८ × (१ − वेगाचा वर्ग ÷ ६.५ चा वर्ग). ०.१ सेकंदाने गुणून वेगात मिळव, नव्या वेगाने पुन्हा त्वरण काढ. दोन सेकंदांत, जेमतेम दहा मीटरमध्ये, थेंब अंतिम वेगाला टेकलेला दिसेल. पायरी १ सेकंदाची घेऊ नकोस हं. पहिला वेग ९.८ येतो आणि दुसऱ्याच पायरीला उणे २.७, म्हणजे थेंब उलटा आभाळात!

मी वर्गात कागदी द्रोण वापरायचो. एक द्रोण दीड मीटरवरून, एकात एक बसवलेले चार द्रोण तीन मीटरवरून, एकदमच सोडायचे. वजन चौपट, आकार तोच, म्हणून वेग दुप्पट. दोन्ही जवळजवळ एकाच क्षणी फरशीवर टेकतात, आणि तो एकच ‘टप्’ ऐकताना मुलांचे डोळे असे चमकतात! पंखा मात्र आधी बंद कर.