हिशेब मागायचा कुणाकडे?

प्रश्न : घोडबंदर रोडच्या साइटवर आम्ही नऊ जणांनी सात आठवडे सेंट्रिंग केलं. दर शनिवारी खर्चीपुरते पैसे मिळाले, हिशेब राहिला. आता ठेकेदार फोन उचलत नाही आणि बिल्डर म्हणतो, 'त्याचं बिल मी चुकतं केलंय.'

उत्तर : केलं असेल, पण त्यानं तुमची मजुरी फिटत नाही. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहितेनुसार ठेकेदारानं मजुरी दिली नाही, तर ज्याचं काम त्यानं ती द्यायची. 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यातही हीच तरतूद होती, त्यामुळे बिल्डरनं नवल केल्यासारखं दाखवू नये. ठेकेदाराकडून वसुली करणं ही त्याची डोकेदुखी. ठाण्यातल्या कामगार खात्याच्या कार्यालयात नऊ जणांचा मिळून एकच अर्ज चालतो. त्यात ठेकेदार आणि बिल्डर, दोघांचीही नावं घाला. मुदत 3 वर्षांची आहे, तरी थांबू नका. काम संपून साइट आवरली की ठेकेदाराचा पत्ता शोधण्यातच महिने जातात. थकबाकीच्या 10 पटींपर्यंत भरपाईची तरतूद आहे. मात्र ती सरसकट मिळत नाही, त्या भरवशावर उसनवारी करू नका.

प्रश्न : हजेरी मुकादमाच्या वहीत. आमच्याकडे कागदाचा कपटाही नाही. (तुर्भे)

उत्तर : पैसे दिले हे सिद्ध करायचं ओझं मालकावर असतं. तुम्ही तिथं काम केलंत, एवढं मात्र दाखवावं लागेल. गेटवरची नोंद, साइटवर काढलेले फोटो, 'उद्या चार माणसं आण' असा मुकादमाचा व्हॉइस मेसेज, मोबाइलवर आलेली खर्ची, सगळं जपा. आजपासून स्वतःची वही ठेवा : तारीख, रोज, खाडा, खर्ची. मुकादमाची वही नेमकी सुनावणीच्या आधी हरवते, हा माझा अनुभव.

प्रश्न : उचल घेतली म्हणून महिन्याचा सगळा पगार कापला. चालतं का?

उत्तर : नाही. एका वेळच्या पगारातून सगळ्या कपाती मिळून निम्म्याच्या वर जाता येत नाही. उचल फिटेपर्यंत साइट सोडू देत नसतील, तर ती वेठबिगारी. 1976 पासून गुन्हा आहे, थेट जिल्हाधिकारी कार्यालय गाठा.

प्रश्न : बांधकाम कामगार मंडळाचं कार्ड आहे. बुडालेली मजुरी मंडळ देईल? (उलवे)

उत्तर : मंडळ योजनांचे लाभ देतं, मजुरी नाही. पण नोंदणीसाठी 90 दिवस काम केल्याचा दाखला जोडला असेल ना? त्यावर याच ठेकेदाराची सही असेल, तर त्याची प्रत आधी काढून आणा.