वीज खपते की वापरली जाते?

प्रश्न असा आला आहे: ‘प्रदेशाची ऊर्जा खपत वाढली की गुंतवणूक येते आणि आर्थिक वाढ होते’ या वाक्यात खपत, खप, वापर, उपभोग, मागणी यांपैकी योग्य शब्द कोणता?

‘खपत’ आधी बाहेर काढा. तो हिंदीतून जसाच्या तसा उचललेला आहे. मराठीत ‘खप’ आहे, तोही पुल्लिंगी, आणि तो विकणाऱ्याच्या बाजूने बोलतो. वर्तमानपत्राचा खप म्हणजे विकल्या गेलेल्या प्रती. किती जणांनी वाचल्या, हा हिशेब वेगळा. विजेचंही तेच. मीटरवर मोजून जिचं बिल झालं तो खप. कारखान्याने स्वतःच्या जनित्रावर तयार करून स्वतःच जाळलेली वीज खपात येत नाही, वापरात येते. वाहिन्या तापण्यात गेलेली वीज दोन्हींत नाही, ती गळती. आता मोठे कारखाने स्वतःची वीज बनवू लागले की वितरण कंपनीचा खप घटतो, आणि त्या आकड्यावरून ‘मंदी आली’ असं लिहिणारे निघतात. यंत्रं तितकीच फिरत असतात.

‘मागणी’ म्हणजे एका वेळी लागणारा भार, तो मेगावॅटमध्ये मोजतात. त्यावर फार वेळ घालवत नाही, पण ‘मेगावॅट प्रति तास’ लिहिणं कृपा करून थांबवा. मेगावॅट हा मुळातच वेग आहे. त्याला तासाने गुणायचं असतं, भागायचं नसतं. १ मेगावॅटचा भार वर्षभर अखंड चालला तर ८,७६० मेगावॅट-तास, म्हणजे ८७.६ लाख युनिट होतात. गुंतवणुकीचा सांधा इथेच आहे. एका प्रदेशाची कमाल मागणी १०० मेगावॅट आणि भारांक (म्हणजे सरासरी भार भागिले कमाल मागणी) ८० टक्के, दुसऱ्याची १६० मेगावॅट आणि भारांक ५० टक्के. दोघांचा वर्षाचा वापर सारखाच, सुमारे ७० कोटी युनिट. पण उपकेंद्रं, रोहित्रं आणि वाहिन्या दुसऱ्या प्रदेशात १६० मेगावॅटसाठी उभारायच्या. भांडवल लागतं मागणीपुरतं, वसुली होते युनिटांपुरती. हे दोन शब्द एकमेकांच्या जागी टाकले की प्रकल्पाचं गणितच बसत नाही.

‘उपभोग’ पाठ्यपुस्तकांत रुळला आहे आणि परिभाषा ठरवणाऱ्यांना तो भारी प्रिय. भुज् म्हणजे खाणं, भोगणं. पंख्याखाली पहुडलेला माणूस विजेचा उपभोग घेतो हे मान्य. पोलाद वितळवणारी भट्टी कसला उपभोग घेते? शिवाय अर्थशास्त्राच्या हिशेबातही उद्योगाने घेतलेली वीज अंतिम उपभोगात धरत नाहीत, ती उत्पादनातली निविष्टा, म्हणजे कच्च्या मालासारखी त्यात घातलेली गोष्ट, असते. म्हणजे ‘औद्योगिक वीज-उपभोग’ हा प्रयोग भाषेला तर जाचतोच, ज्या शास्त्रासाठी घडवला त्यालाही जाचतो.

राहिला ‘वापर’, आणि खरी गंमत यातच आहे. वापरणे हे व्यापारयति या संस्कृत रूपाचं वंशज. म्हणजे वापर आणि व्यापार हे एकाच घरचे! आता कुणी म्हणेल की प्राकृतात दोन स्वरांमधल्या प चा व होतो, मग ‘वापर’मध्ये प कसा टिकला? आक्षेप योग्य आहे. त्या वाटेने रीतसर आलेला शब्द म्हणजे ‘वावर’. ‘वापर’ हा त्याचा उशिरा आलेला, अर्धा संस्कृतच राहिलेला भाऊ, असा माझा कौल. व्यापार म्हणजे मुळात देवघेव नव्हेच; कामात गुंतलेलं असणं. व्यापृत माणूस म्हणजे कामात गढलेला माणूस. पेढी आणि तागडी मागाहून आली.

वैयाकरणांनी तर याच शब्दावर क्रियापदाचा अर्थ उभा केला: ‘फलव्यापारयोर्धातुः’. धातूच्या अर्थाला दोन अंगं, व्यापार आणि फल. पच्, म्हणजे शिजवणं, घ्या. चूल पेटवणं, भांडं चढवणं, जाळ राखणं हा व्यापार. दाणा मऊ होणं हे फल. आता वीज आणि उत्पादन यांच्याकडे बघा. युनिटं हा व्यापार, उत्पादनात पडलेली भर हे फल. एक रुपया उत्पादनामागे किती ऊर्जा लागली, ज्याला ऊर्जासघनता म्हणतात, ती म्हणजे व्यापार भागिले फल. (रुपया महागाई वजा केलेला हवा, नाहीतर किमती वाढल्या की सघनता फुकटात सुधारलेली दिसते.) आणि जाता जाता, ‘एनर्जी’ हा शब्द ‘ऊर्जा’पासून निघाला ही फिरती थाप सोडून द्या. तो ग्रीक ‘एर्गॉन’, म्हणजे काम, यावरून आला. ऊर्ज् हा धातू वेगळा. अर्थाने तो ग्रीक शब्द ऊर्जेपेक्षा आपल्या व्यापाराच्याच जवळचा.

व्यापारामुळे फल की फलामुळे व्यापार, यावर अर्थशास्त्रज्ञ १९७८ पासून भांडत आहेत. त्या वर्षी जॉन क्राफ्ट आणि आर्थर क्राफ्ट यांनी अमेरिकेच्या १९४७ ते १९७४ च्या आकड्यांवरून सांगितलं की उत्पन्न वाढतं म्हणून ऊर्जावापर वाढतो, उलट नाही. पुढच्या अभ्यासांत सगळी उत्तरं मिळाली: उलटं, दोन्हीकडून, आणि संबंधच नाही असंही. प्रदेश लहान असला तर आणखी घोळ. ॲल्युमिनियम वितळवायला टनामागे ढोबळमानाने १४,००० युनिट लागतात. वर्षाला १ लाख टन काढणारा एक कारखाना आला की १४० कोटी युनिट, वरच्या उदाहरणातल्या अख्ख्या प्रदेशाच्या दुप्पट. दरडोई वापर आकाशाला भिडतो, पण नफा आणि पुढच्या घडाईचं मूल्य बऱ्याचदा भलतीकडे जमा होतं. व्यापार इथे, फल तिथे.

हो, मूळ वाक्य राहिलंच. ‘खपत’च्या जागी ‘वापर’ लिहा. आणि ‘ऊर्जा’ म्हणून फक्त विजेचा आकडा देणार असाल तर सरळ ‘वीजवापर’ म्हणा. कोळसा, तेल, वायू आणि लाकूड अजून मोजायचे आहेत.