कंपनी म्हणते ॲप्रेंटिसला सहा महिने प्रोबेशन. असं असतं का?

तुमचा प्रश्न मी समजलो तो असा: भाचा तरसाली आयटीआयतून फिटर झाला, बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीतल्या (औद्योगिक वसाहतीतल्या) एका कंपनीत ॲप्रेंटिस म्हणून लागला, आणि तिथला एचआरवाला म्हणतो, "पहिले सहा महिने प्रोबेशन. काम पटलं नाही तर उद्यापासून येऊ नकोस. आणि हे सहा महिने वर्षात धरणार नाही." गुजरात सरकारचा असा काही नियम आहे का, असं तुम्ही विचारलंय.

भाच्याचा करार सरकारच्या ॲप्रेंटिसशिप पोर्टलवर नोंदलेला असेल तर एचआरवाल्याच्या या दोन्ही गोष्टी टिकणार नाहीत. पण तो 'असेल तर' फार महत्त्वाचा आहे. माझी नोकरी बडोद्यातच, एका कारखान्याच्या ट्रेनिंग खात्यात झाली. असल्या भांडणांत घोळ बहुतेक वेळा इथेच असतो.

कारखाने आयटीआयची मुलं दोन वाटांनी घेतात. एक वाट 1961 च्या ॲप्रेंटिस कायद्याची. त्यात ॲप्रेंटिसशिप इंडिया पोर्टलवर करार तयार होतो, त्याला नंबर पडतो, ट्रेडचं नाव येतं, सुरू होण्याची आणि संपण्याची तारीख येते, स्टायपेंडचा आकडा येतो. मुलगा अठराच्या आतला असेल तर पालकाचीही सही लागते. दुसरी वाट म्हणजे कंपनीच्या लेटरहेडवरचं एक पत्र: 'ट्रेनी म्हणून घेत आहोत, सहा महिने अजमायशी.' गेटवर दोघांनाही ॲप्रेंटिसच म्हणतात, दोघांचा युनिफॉर्मही तोच. ओळखपत्रावरूनसुद्धा कळत नाही.

भाच्याला दोन गोष्टी विचारा. कराराची प्रत हातात आहे का, आणि बँकेत पैसे कुठून येतात. केंद्राच्या ॲप्रेंटिस प्रोत्साहन योजनेत स्टायपेंडचा 25 टक्के वाटा, महिना जास्तीत जास्त 1500 रुपये, सरकार देतं, आणि 2023 पासून तो थेट मुलाच्या खात्यात पडतो. पासबुकात कंपनीच्या रकमेशिवाय अशी वेगळी नोंद दिसत असेल तर करार नोंदलेला आहे. सगळ्याच कंपन्या या योजनेत नसतात, त्यामुळे नोंद नाही म्हणून लगेच घाबरू नका, पोर्टलवर भाच्याच्या लॉगिनमधून करार उघडून बघा.

करार निघाला, तर पुढचं सोपं आहे.

आधी राज्याच्या नियमांचं. हा कायदा केंद्राचा, त्याखालचे 1992 चे नियमही केंद्राचेच. राज्याकडे खाजगी कारखान्यांपुरती अंमलबजावणी असते. म्हणजे इंदूरच्या फिटरला जो कायदा, तोच बडोद्याच्या फिटरला. कंपनीचे कारखाने चार किंवा जास्त राज्यांत असतील तर मात्र ती केंद्राच्या ॲप्रेंटिसशिप सल्लागाराखाली (या करारांवर देखरेख ठेवणारा सरकारी अधिकारी) येते. कोयलीची रिफायनरी किंवा रेल्वे, तिथेही केंद्रच. तुमची मकरपुऱ्याची कंपनी इथलीच असेल तर राज्याकडे जायचं.

प्रोबेशनर हा कारखान्याच्या कामगारांतला एक वर्ग आहे. 1946 च्या स्थायी आदेश (म्हणजे कारखान्यातल्या सेवाशर्ती) कायद्याखाली जे नमुना आदेश केले होते, त्यांत कायम, प्रोबेशनर, बदली (गैरहजर कामगाराच्या जागी येणारे), तात्पुरते, ॲप्रेंटिस असे वर्ग वेगवेगळे मांडले होते. प्रोबेशनर म्हणजे कायम जागेवर चाचणीसाठी घेतलेला माणूस. ॲप्रेंटिस म्हणजे शिकणारा, ज्याला शिकताना भत्ता मिळतो. ॲप्रेंटिस कायद्याचं कलम 18 तर सरळच सांगतं की तो कामगार नव्हे, शिकाऊ आहे. एचआरवाल्यांना हे कलम पाठ असतं, कारण त्यामुळे कामगार कायदे ॲप्रेंटिसला लागत नाहीत. मग कामगारांचं प्रोबेशन तेवढं त्याच्या गळ्यात का मारायचं?

करार मधेच संपवायचा तर रस्ता कलम 7 चा. कंपनीने किंवा मुलाने ॲप्रेंटिसशिप सल्लागाराकडे अर्ज करायचा, कोणी कराराच्या अटी मोडल्या ते तो बघणार, आणि तोच करार रद्द करणार. सुपरवायझरने गेटवर "उद्या येऊ नको" म्हटल्याने नोंदलेला करार मोडत नाही. चूक कंपनीची ठरली तर शेवटच्या स्टायपेंडच्या तीन महिन्यांइतकी भरपाई मुलाला द्यावी लागते. आयटीआय पास मुलाचा किमान स्टायपेंड 2019 च्या दुरुस्तीत महिना 7000 रुपये ठरला होता. त्या हिशेबाने झाले 21,000. दुसरी बाजूही ऐका: चूक मुलाची ठरली तर तेवढीच रक्कम त्याच्याकडून वसूल होते. वाघोडियाला दोन हजार जास्त मिळतात म्हणून मधेच पळणाऱ्या पोरांना हे कोणी सांगत नाही.

सहा महिने वर्षात न धरण्याचं म्हणाल, तर कराराची तारीख हीच प्रशिक्षणाची सुरुवात, असं कलम 4 म्हणतं. आयटीआय झालेल्या फिटरला एक वर्ष, ते त्या तारखेपासून. त्यात आधी सहा महिने घुसवायला जागाच नाही. कंपनीच्या चुकीमुळे करार तुटला आणि दुसरीकडे नवा झाला, तर आधीचे महिने नव्यात धरायची परवानगीही सल्लागार देऊ शकतो.

लेटरहेडवाली वाट निघाली तर वरचं काहीच लागू नाही. वर्ष पुरं केलं तरी ॲप्रेंटिसशिपच्या परीक्षेला बसता येणार नाही, राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळणार नाही. रेल्वेच्या किंवा वीज कंपन्यांच्या जाहिराती बघणाऱ्या मुलासाठी हा मोठा तोटा. एचआरला गोडीनेच विचारा, पोर्टलवर करार कधी करताय म्हणून. टाळाटाळ झाली तर ॲप्रेंटिसची दुसरी जागा बघायला सांगा, पोर्टलवर बडोद्याच्या जागा निघत असतात.

करार असूनही कंपनी दाद देत नसेल तर तरसाली आयटीआयतच जा. गुजरातमध्ये ॲप्रेंटिसचं काम आयटीआयमधूनच बघतात, आणि भाच्याला तिथला जिना माहीत आहेच. अर्ज एका पानाचा पुरे: कराराचा नंबर, रुजू तारीख, काय सांगितलं आणि कोणत्या दिवशी. सोबत कराराची प्रत, पासबुकाचं पान, आणि भाच्याने रोजची वही ठेवली असेल तर तिची झेरॉक्स. बेंचवर फायलिंग, ड्रिलिंग, लेथवर काय केलं, हे तारखेसह लिहिलेलं असलं की "याला काम येत नाही" हे कंपनीला सिद्ध करणं जड जातं. प्रगतीची नोंद ठेवणं कलम 19 प्रमाणे कंपनीचंच काम आहे, तीही मागवून घ्या. सल्लागाराचा निकाल पटला नाही तर 30 दिवसांत ॲप्रेंटिसशिप कौन्सिलकडे अपील करता येतं.

आणि आयटीआयची मूळ मार्कशीट कंपनीने 'ठेवून घेतली' असेल, तर ती आजच परत मागायला सांगा. झेरॉक्स द्या.