कुमुदिनी तलाव आणि कास तलाव एकच का? बघण्यासारखं काय आहे?

नाही, दोन्ही वेगळे. कास तलाव मोठा, साताऱ्याजवळच्या कास पठाराच्या पलीकडच्या उतारावर, झाडीत. सातारा शहराच्या पिण्याच्या पाण्याचा जुना स्रोत. कुमुदिनी म्हणजे पठारावरचं छोटंसं तळं. राजमार्ग म्हणतात त्या जुन्या वाटेनं चालत गेलं की लागतं.

वरती सगळा जांभा दगड, माती जेमतेम बोटभर. पाणी मुरायला जागाच नाही, म्हणून पावसाळ्यात खोलगट भागात साचतं. कुमुदिनीची पानं त्यावर तरंगतात, आणि पांढरं फूल जवळून बघा: पाकळ्यांवर बारीक केसांची झालर, मध्ये पिवळा ठिपका. फूल एका दिवसाचं, म्हणून सकाळीच पोचा. दुपारी बाराला निघणाऱ्यांनी मिसळ खाऊन परत फिरावं!

सप्टेंबर उत्तम. साताऱ्याहून २५ किमी. छत्रीपेक्षा रेनकोट बरा, वारा छत्री टिकू देत नाही. पठार २०१२ पासून जागतिक वारसा यादीत, पश्चिम घाटाचा भाग म्हणून. तेव्हा फोटोसाठी फुलांत बसू नका. मे महिन्यात गेलात तर मात्र नुसता काळा कातळ दिसेल.